सबजेलच्या मार्थाबाई

परवा आमच्या तहसीलच्या आवारात एक कार्यक्रम झाला. एका पुढाऱ्यानं सबजेलमधल्या कैद्यांना दोन कॅरम बोर्ड भेट दिले. त्याबद्दल त्याला शाल, श्रीफळ, फेटा आणि 'बंदीजनांचा आधार' असं लिहिलेलं मानपत्र मिळालं. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला होता, कारण कचेरीत असल्या कामाला नेहमी मीच सापडतो. भाषणं झाली, फोटो झाले, मांडव उतरला. बोर्डांसोबत सोंगट्या आल्याच नव्हत्या, हे सगळे गेल्यावर लक्षात आलं.

त्या मांडवात तासभर बसून माझं डोकं तापलं. अठरा वर्षं दर शुक्रवारी त्याच दारातून आत जाणाऱ्या एका बाईचं नाव कुणाच्याही तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर मला अधिकच राग आला असता, ही गोष्ट वेगळी. कारण त्या बाईला ते दार कायमचं बंद करणारा हुकूम टाइप केला तोही मीच. नुसता टाइप केला नाही, शुद्धलेखनही तपासलं. 'सुरक्षेच्या' मधला 'सु' ऱ्हस्व आहे ना, हे दोनदा पाहिलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव समजा. निजामाच्या काळातली दगडी कचेरी, तिच्या पाठीला चिकटून सबजेल. दोन बराकी, एक अंगण, अंगणात एक लिंब. कागदोपत्री त्या जेलचे प्रमुख तहसीलदार, आणि तहसीलदारांच्या वतीनं कागद हलवणारा कारकून म्हणजे मी, बसवराज. या जेलमध्ये शिक्षा झालेला माणूस ठेवत नाहीत. खटला चालू असलेले ठेवतात, म्हणजे त्यांनी काही केलंय की नाही हे अजून ठरायचं आहे असे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण गावात ते कुणालाच पटत नाही. आत गेला म्हणजे केलंच असणार, असा आमच्याकडं रिवाज आहे.

मार्थाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या त्याच महिन्यात अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या, सावळ्या, पांढरी साडी, हातात काळी छत्री, मनगटावर आतल्या बाजूला तोंड केलेलं घड्याळ. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो वारला होता. लेक सोलापूरला दिलेली. अर्जात लिहिलं होतं, 'बंद्यांना भेटून प्रार्थना व उपदेश करण्याची परवानगी मिळणेबाबत.' मी नोकरीत नवा होतो. आम्ही लिंगायत, घरी रोज इष्टलिंगाची पूजा. ख्रिस्ती बाई चोरांना उपदेश करणार म्हटल्यावर मला हसू आलं.

"बाई, तिथं चोर-लफंगे असतात," मी म्हणालो.

"मग उपदेश काय तुमाला करू?" त्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

परवानगी मिळाली. खरं सांगायचं तर उपदेश त्यांना मुळीच जमायचा नाही. पुस्तक उघडून वाचायला लागल्या की आवाज एका पट्टीत जायचा आणि दहा मिनिटांत निम्मी बराक पेंगायला लागायची. गाणं त्याहून वाईट, घसा बसलेला. पण कैदी शुक्रवारची वाट बघायचे, आणि ती उपदेशानंतरच्या अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासात बाई परत नर्स व्हायच्या. नवा कैदी आला की पहिल्यांदा त्याला बाही वर करायला लावायच्या. दंडावरची लहानपणीच्या लशीची खूण बोटानं चाचपायच्या आणि गावाचं नाव विचारायच्या.

"ही सुई म्या टोचलीय. लई रडला हुतास. तुझ्या आयनं मला शेंगा दिल्या हुत्या."

खरं असेल, नसेल. तालुक्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच सुया टोचल्या होत्या, तेव्हा बहुतेक खरंच असायचं. पण आत आल्यापासून ज्याला 'ए' आणि 'अबे' याखेरीज कुणी हाक मारली नाही, तो माणूस 'तुझी आई' हे शब्द ऐकून खाली मान घालायचा. मी हे लिंबाखाली उभं राहून कितीतरी वेळा पाहिलंय.

प्रार्थनाही त्यांची निराळीच. त्या देवाला पत्ता सांगायच्या. "देवा, हा रफिक. मुक्काम अमुक वाडी, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं तिसरं घर, दारात शेवगा हाय. ह्याच्या आयला ताप येतोय, बघ जरा." एकदा एकानं विचारलं, देवाला पत्ता माहीत नसतो का? मार्थाबाई म्हणाल्या, "त्याला ठावं असतंय. मला इसर पडाय नको म्हणून सांगते." पुढच्या शुक्रवारच्या आत त्या पत्त्यावर जाऊन यायच्या. एसटीनं, जीपनं, उरलेलं पायी. मग आत येऊन सांगायच्या, ताप उतरला, म्हैस व्याली, भावानं कुंपण सरकवलंय, बायको बरी आहे पण बोलत नाही. कैद्यांची पत्रं आम्ही वाचून, शिक्का मारून, हप्ता हप्ता टेबलावर ठेवायचो. बाईंचं टपाल आमच्याआधी पोचायचं.

एका हिवाळ्यात बराकीत खरूज पसरली. डॉक्टरांची तपासणी दर आठवड्याला होत होती, म्हणजे रजिस्टरात होत होती. मार्थाबाईंनी चार कैद्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि थेट तहसीलदारांच्या केबिनमध्ये शिरल्या. मिटिंग चालू होती. त्या मिटिंगमध्येच म्हणाल्या, "साहेब, पाप धुवायचं मी बघते. घोंगड्या धुवायचं तुमी बघा." मग अंगणात चूल मांडून दोन दिवस घोंगड्या उकळल्या. मलम स्वतः चोळलं, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, कंबरेला. आमचा एक हवालदार नाक मुरडून म्हणाला, बाई, हातमोजे तरी घाला. त्या म्हणाल्या, "आधी तू घोंगडी पीळ."

एवढं करूनही गावात बोलणारे बोलायचेच. नर्सबाई चोरांना बाटवती. एकदा चार-सहा तरुण निवेदन घेऊन आले. नेमका शुक्रवार होता, बाई समोरच भेटल्या. त्यातल्या एकानं विचारलं, "आतापर्यंत किती जणांना तुमच्या धर्मात घेतलं?"

"घ्यायला तयार हाय की. येतंय कोण?" मार्थाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्सांत एक बी न्हाय. बाहेर पडला की ज्यो त्यो तुळजापूरला जातोय नवस फेडाय. परवा एकानं मलाच परसाद आणून दिला. खाल्ला म्या."

पोरगा जरा गडबडला. तरी म्हणाला, मग चोरांमध्ये येता कशाला?

"आमच्या येशूला चोरांची सवय हाय बाबा. दोन चोरांच्या मधी टांगला त्याला. जामीन बी मिळाला न्हवता."

हे सगळं मी कौतुकानं लिहितोय. पण मार्थाबाईंची एक खोड होती, आणि ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. रविवारी उपासनेला जमले की एकेकानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. कुणाची नोकरी लागलेली असते, कुणाचा गुडघा बरा झालेला असतो. मार्थाबाईंकडं तुरुंग होता. तुरुंगाची साक्ष म्हटल्यावर अख्खी उपासना कान टवकारायची, आणि बाईंना ते आवडायचं. पुढं मोबाइल आला, मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. रविवारपर्यंत थांबायचीही गरज राहिली नाही.

त्या वर्षी शेजारच्या एका गावात महादेवाच्या पिंडीवरचा चांदीचा नाग चोरीला गेला. देऊळ आमच्या लोकांचं, माझे दोन मावसभाऊ पंच. चौथ्या दिवशी सिद्राम नावाच्या धनगराला पोलिसांनी तुळजापूरच्या स्टँडवरून उचललं. का, तर आदल्या आठवड्यात त्याची मेंढरं देवळामागच्या रानात बसली होती, आणि ऐन चोरीनंतर तो वाडीवरून गायब झाला होता. चोर सापडला म्हणून पंचांनी पेढे वाटले. त्यातला एक मी खाल्ला. चांगला गोड लागला, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

सिद्राम आत आला आणि महिनाभर कुणाशी बोलला नाही. एका शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी बाईंनी त्याला पत्ता विचारला. त्यानं वाडीचं नाव सांगितलं आणि एकदम हमसून रडायला लागला. बाईंना लिंबाखाली बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं काहीतरी बोलला. हवालदार दारात होता, मी ओसरीवर. आम्हाला फक्त त्याचे हलणारे खांदे दिसले.

त्या दिवशी घरी जाऊन मार्थाबाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'आज तुरुंगात सिद्राम नावाच्या भावाने रडून आपले पाप कबूल केले. देवाची स्तुती असो. त्याच्यासाठी प्रार्थना करा.' खाली जोडलेल्या हातांची पाच चित्रं. ग्रुपवर हालेलुयांचा पाऊस पडला. कुणीतरी तो मजकूर पुढं धाडला, त्यानं आणखी पुढं, आणि तिसऱ्या दिवशी तो फौजदारांच्या फोनमध्ये होता.

फौजदार माझ्याच टेबलाशी येऊन बसले. बाईंना बोलावून घेतलं. चहा मागवला. "बाई, काय कबूल झाला तो?"

"त्ये देवापुढं बोललेलं हाय साहेब. तुमच्या कामाचं न्हाय."

"चोर जेलमध्ये रडून दुसरं काय कबूल करणार?" फौजदार हसले. चहा प्याले, गेले. बाईंना वाटलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं. ही कबुली चोरीची नाही हे फौजदारांना कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांना चांगलं कळलं होतं. नाग सापडत नव्हता, वरून रोज फोन येत होता आणि हातात फक्त एक धनगर होता.

सिद्रामचा जामीन फेटाळला गेला. त्याला सरकारतर्फे मिळालेला वकील तरुण होता, धडपड्या होता. त्यानं दोषारोपपत्राची प्रत बाईंपुढं ठेवली. त्यात मार्थाबाईंच्या नावानं जबाब होता: आरोपीने माझ्यासमोर रडून चांदीचा नाग चोरल्याचे कबूल केले. बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"माझं नाव बरोबर हाय. वय बी बरोबर लिवलंय. बाकी समदं खोटं."

"पण यावर तुमची सही कुठाय?" मी विचारलं. तेव्हा वकील म्हणाला, पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही लागतच नाही. पुढं म्हणाला, कोर्टात हे टिकणार नाही. मी म्हटलं, मग काय काळजी? तो म्हणाला, टिकणार नाही हे ठरेपर्यंत सिद्राम आत.

इतकी वर्षं तहसीलमध्ये काढून मला हे माहीत नव्हतं. कुणी तुमच्या नावावर काहीही लिहावं, आणि ते तुम्ही म्हणाला नाहीत हे सांगायची पाळी यायला आठ-आठ महिने लागावेत. तोवर एक माणूस लिंबाची पानं मोजत बसलेला. आम्ही सातबाऱ्यावर एका अक्षराची चूक झाली तर तीन नोटिसा काढतो.

मार्थाबाई पोलिसांवर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काडी म्याच टाकली." त्या रविवारी उपासनेत त्या साक्षीला उभ्या राहिल्या. मंडळीतल्या एका शिक्षकानं मला नंतर सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "म्या एका माणसाचं रडणं तुमच्यात वाटून टाकलं, चार हालेलुया मिळाव्यात म्हणून. माझ्यासाठी प्रार्थना करू नगा. त्याच्यासाठी वकिलाकडं चला." कुणी हालेलुया म्हटलं नाही. वकिलाकडंही फार कुणी गेलं नाही. ग्रुपमधून त्या त्याच दिवशी बाहेर पडल्या.

आता प्रश्न होता सिद्राम खरोखर काय बोलला होता त्याचा. बाई मला सांगायला तयार नव्हत्या. "त्ये सांगितलं तर त्यो सुटंल," एवढंच म्हणाल्या. "पण त्ये त्याच्या एकट्याचं न्हाय." त्यांनी सिद्रामला विचारलं. तो हात जोडून म्हणाला, चोर म्हणूद्या, पण ते सांगू नका. बाई भडकल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ह्याला कशाला इचारत बसले म्या? जिचं हाय तिला इचारू. वाडीची वाट दावा." सिद्रामनं घरी जाऊ नका म्हणून विनवल्यामुळं या एका पत्त्यावर त्या अजून गेल्या नव्हत्या.

ती वाडी माझ्या सासुरवाडीच्या वाटेवर, म्हणून मी सोबत गेलो. जीपमधून उतरून दोन-तीन किलोमीटर माळ. सिद्रामची बायको मंगल दारात मेंढीच्या पायाला औषध लावत होती. तिचा डावा हात मनगटापासून वाकडा होता. चहा तिनं एकाच हातानं केला, एकाच हातानं गाळला. मार्थाबाईंनी तिचा तो हात मांडीवर घेतला, दाबून पाहिला आणि विचारलं, "प्लास्टर लवकर काढलंस?"

"मेंढरं कोण बघणार?" मंगल म्हणाली.

मग सगळं निघालं. चोरीच्या रात्री सिद्राम घरीच होता. दारू पिऊन आला होता, मंगलचा हात पिरगाळून मोडला. उजाडताच स्वतःच तिला टमटममध्ये घालून तालुक्याला दवाखान्यात घेऊन आला. प्लास्टर झाल्यावर तिला भावाच्या हवाली केलं, तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून तसाच तुळजापूरला गेला, आणि तीन दिवस देवीच्या पायरीशी पडून राहिला. ज्याला पोलीस पळून जाणं म्हणत होते ते हे. लिंबाखाली तो रडला ते या हातासाठी.

"मग पोलिसांना हे सांगितलं नाहीस?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, जणू चूक तिचीच.

"सांगितलं की. ह्यांना धरल्याच्या दुसऱ्याच दिशी ठाण्यात गेले. हात दावला. साहेब म्हणले, नवऱ्याला सोडवाय बायका हात बी मोडून घेतेत."

मी तिथं घोंगडीवर बसलो होतो. मला त्या पेढ्याची आठवण झाली. मार्थाबाईंनी विचारलं, "मंगल, म्या हे कोर्टात सांगू का? समद्या गावापुढं तुझी गोष्ट हुईल. न्हाय म्हणलीस तर न्हाय सांगणार."

मंगलनं फार विचार केला नाही. "सांगा. मला मारतोय हे समद्या वाडीला ठावं हाय. चोरी केली न्हाय हे एकल्या मलाच ठावं हाय, आन माझं कुणी ऐकंना. तुमचं ऐकतील. तुमी शिकलेल्या."

पुढच्या शुक्रवारी मार्थाबाईंनी सिद्रामला लिंबाखाली उभं केलं आणि जे झापलं ते दोन्ही बराकींनी ऐकलं. "तू चोर न्हाईस हे म्या सांगणार हाय. पण चोर न्हाईस म्हणून धुतल्या तांदळाचा न्हाईस. नाग चोरला असता तर तुझ्यासाठी बरं झालं असतं, चांदी परत घडवता येतीय." सिद्राम मान खाली घालून उभा होता. त्या दिवशी बाईंनी गाणं म्हटलं नाही.

कोर्टात त्या सरकारी साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. खरं सांगेन अशी शपथ देवाच्या नावानं घ्यायची असते, ती घेतल्यावर हळूच म्हणाल्या, "ते रोजच चालू हाय." न्यायाधीश बाई होत्या, त्या किंचित हसल्या. मग सरकारी वकिलानं जबाब वाचून दाखवला आणि मार्थाबाई म्हणाल्या, "हे म्या म्हणलेलं न्हाय. हे ज्यानं लिवलं त्यानं म्हणलेलं असंल." वकिलानं आवाज चढवला, मग आरोपी रडून काय कबूल झाला? मार्थाबाईंनी मागं वळून पाहिलं. मंगल शेवटच्या बाकावर होती, भावांच्या मधे. तिनं मान हलवली. मग दवाखान्यातला केसपेपर वाचावा तशा सपाट आवाजात बाईंनी सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "प्लास्टरच्या खोलीत रजिस्टर असतंय. सोबत कोण आलं त्याचा रकाना असतोय. म्या तीस वर्सं भरलाय. मागवून घ्या."

रजिस्टर मागवलं. तारीख होती, मंगलचं नाव होतं, आणि सोबतच्या रकान्यात सिद्रामचा अंगठा होता. आमचा दवाखाना पोलीस ठाण्याच्या समोर आहे. मधे एक रस्ता. आठ महिन्यांत कुणाला तो रस्ता ओलांडावासा वाटला नाही.

निकाल लागायच्या आधी, साक्षीनंतर चौथ्या दिवशी, वरून फोन आला आणि तहसीलदारांनी मला हुकूम सांगितला. साक्षीदारानं आरोपीला भेटणं योग्य नाही म्हणून परवानगी रद्द. एवढंच असतं तर मीही मान्य केलं असतं, खटला संपेपर्यंत थांबल्या असत्या. पण हुकमात होतं, 'सुरक्षेच्या कारणास्तव कायमस्वरूपी'. मी विचारलं, कायमस्वरूपी कशाला, साहेब? साहेब म्हणाले, बसवराज, तुम्ही टाइप करा. मी टाइप केला. मला दोन मुलं आहेत, घराचं काम काढलेलं होतं, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. ती खरी होती, आणि तरीही ती कारणंच होती. हुकमाची प्रत मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी पोच म्हणून सही केली, नेहमीसारखी ठळक, आणि विचारलं, "शुक्रवारी मलम आत पोचवाल का?" मी हो म्हणालो. पोचवलं, एकदा.

सिद्राम निर्दोष सुटला. फौजदारांची बदली झाली, बढतीवर. चांदीचा नाग आजवर सापडलेला नाही. पंचांनी वर्गणी काढून नवा घडवला, आणि जुना कुणी नेला हे आता कुणी विचारतही नाही.

सुटकेचा कागद घेऊन मी दुपारी गेटवर गेलो. बाहेर मार्थाबाई उभ्या होत्या, मंगल होती, आणि वाडीकडं जाणारी जीप. सिद्राम एक पिशवी घेऊन बाहेर आला आणि सरळ बाईंच्या पायाशी वाकायला लागला. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "थांब तू," म्हणाल्या, आणि त्याच्याकडं पाठ करून मंगलपुढं उभ्या राहिल्या.

"मंगल, ह्याच्यासंगं जायचंय का तुला? मनात नसंल तर आत्ताच सांग. माझ्या घरी एक खोली रिकामी हाय. लाजायचं न्हाय."

हवालदार हसायला गेला आणि थांबला. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. सिद्राम पिशवी छातीशी धरून उभा होता. आठ महिने सगळ्यांनी त्याचा निवाडा केला होता, पण त्याला खरी भीती वाटलेली मी तेव्हा पाहिली. मंगलनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग जीपकडं.

"तुमी व्हा पुढं," ती त्याला म्हणाली. "मेंढरं सोडायची हायती. म्या कवा यायचं त्ये म्या ठरवीन."

त्यानं पिशवी जीपमध्ये ठेवली. मागच्या बाकावर जाऊन बसला आणि जीप निघाली. मग मार्थाबाई माझ्याकडं वळल्या. आता हुकमाबद्दल काहीतरी बोलतील म्हणून मी मान खाली घातली.

"बसवराजसाहेब, दुसऱ्या बराकीत दत्तू म्हणून पोरगं हाय. त्याच्या पायाचं बोट पिकलंय. शुक्रवारी जरा बघा. मला आता आत येता येत न्हाय."

मी बघतो म्हणालो. त्या दोघी रस्त्यानं निघाल्या, बाईंची छत्री मंगलच्या डोक्यावर, बाई स्वतः उन्हात. दवाखान्याच्या वळणापर्यंत मी त्यांच्याकडं पाहत होतो. त्यानंतर मार्थाबाई मला दिसल्या नाहीत. मी लोहाऱ्याच्या बदलीवरून तीन वर्षांनी परत आलो तेव्हा त्या लेकीकडं सोलापूरला जाऊन तिथंच वारल्या होत्या.

त्या शुक्रवारी मी दत्तूचं बोट बघायला गेलो नाही. लोहाऱ्याच्या बदलीचा हुकूम आला होता, आणि घरी सामान बांधायचं होतं.